जुना संगणक आणि नवा पडदा
(शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



जडवस्तू संग्रहातील एखादी वस्तू ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून निर्लेखनास पाठविण्यापूर्वी ती खरोखरच निरुपयोगी झाली आहे काय, याची खात्री करून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. जुन्या संगणकाच्या बाबतीत ही दक्षता विशेष अगत्याची ठरते. कारण पुष्कळदा दोष संगणकात नसतो, त्याचे म्हणणे पडद्यास उमगत नाही इतकेच.

उदाहरणादाखल बीबीसी मायक्रो हा संगणक घ्यावा. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला. भारतात केंद्र शासनाने १९८४-८५ साली शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांना हाच संगणक देण्यात आला. त्या काळी तो दूरचित्रवाणी संचास जोडीत. असा एखादा संगणक आज कपाटातून काढून कार्यालयातील सपाट पडद्यास जोडला, तर पडदा काळाच राहतो किंवा ‘संकेत नाही’ अशी सूचना उमटते. आणि पाहणारा म्हणतो, ‘यंत्र मेले!’

येथे घाई करू नये. प्रथम सुरक्षितता पाहावी. या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतील मूळ कपॅसिटरांना कालांतराने तडे जातात, त्यांत दमटपणा शिरतो आणि वीज लावताच धूर निघतो. सबब, ते जाणत्या कारागिराकडून बदलून घेतल्याशिवाय वीज लावू नये. ती पेटी शिक्षकाने स्वतः कदापि उघडू नये. मुलांच्या हाती तर ती देऊच नये.

त्यानंतर पडद्यावाचूनच यंत्राची परीक्षा घ्यावी. बटण दाबताच प्रथम खालच्या पट्टीतील लांब स्वर व लगेच वरच्या पट्टीतील आखूड स्वर ऐकू येतो, आणि कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’चा दिवा लागतो. मग ‘कंट्रोल’ची कळ दाबून धरून ‘जी’ अक्षर दाबावे. पुन्हा आवाज आला, म्हणजे यंत्र जागे आहे व सांगितलेले ऐकत आहे, असे समजावे. उरला प्रश्न तो पडद्याचा.

पडद्यावरील चित्र आडव्या रेघांचे बनलेले असते. बीबीसी मायक्रो सेकंदास १५,६२५ रेघा पाठवितो; जुन्या दूरचित्रवाणीचा वेग तोच होता. आजचा संगणकाचा पडदा मात्र व्हीजीएच्या मार्गाने सेकंदास सुमारे ३१,५०० रेघांची अपेक्षा करतो. कवायतीत शिक्षकाने एका लयीत ठोके द्यावेत आणि मुलांनी दुप्पट लयीची वाट पाहावी, तसा हा प्रकार होय. शिवाय या संगणकाच्या रंगीत संकेताचा दाब ५ व्होल्ट असतो, तर नव्या पडद्यास अवघा ०.७ व्होल्ट लागतो. म्हणून तारेस तार जोडून काम भागत नाही.

याला दोन मार्ग आहेत. पहिला सोपा व अल्पखर्चाचा. संगणकाच्या मागील बाजूस ‘व्हिडिओ आउट’ असे गोल, पिळून बसविण्याचे जोडस्थान आहे. तेथून एक तार सपाट दूरचित्रवाणीच्या पिवळ्या जोडस्थानास लावावी. चित्र बहुधा करड्या छटांत दिसेल. परंतु अक्षरे वाचण्यास ते पुरेसे स्पष्ट असते.

दुसरा मार्ग रंगांचा. ‘आरजीबी’ या सहा टाचण्यांच्या जोडस्थानातून तांबडा, हिरवा व निळा हे तीन संकेत स्वतंत्रपणे निघतात. मध्ये परिवर्तक बसविला, की तो रेघा आपल्या स्मृतीत साठवितो आणि नव्या पडद्यास मानवेल अशा वेगाने पुढे देतो. परिवर्तक घेताना तो ५ व्होल्टचा संकेत सोसतो काय, हे अवश्य विचारावे. रास्पबेरी पाय झिरो या चिमुकल्या संगणकावर आधारलेले असे एक साधन मिळते. ते एचडीएमआय पडद्यावर स्वच्छ चित्र देते.

या तीन तारांत गणिताचा एक उत्तम पाठ दडलेला आहे. प्रत्येक संकेत एक तर चालू, नाही तर बंद; म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे आठच रंग होतात. मुलांनी ते आठ रंग आधी पाटीवर मांडावेत व मग पडद्यावर पडताळावेत. तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा झालेला पाहून रंगपेटीशी परिचित असलेले मूल चकित होईल, आणि त्या आश्चर्यातूनच पुढचा प्रश्न विचारील.

शेवटी एक गोष्ट ध्यानी धरावी. परिवर्तक जुन्या यंत्रास दोष देत नाही व नव्या पडद्यासही नावे ठेवीत नाही. एकाचे बोलणे दुसऱ्यास पेलेल असे करून देतो, एवढेच. घरची बोली घेऊन पहिलीत आलेले मूल पाठ्यपुस्तकाच्या भाषेपुढे गप्प बसते, तेव्हा शिक्षकाचे कामही हेच असते. त्या मुलाच्या नावापुढे ‘प्रगती नाही’ असे लिहिण्याआधी, पडदा काळा असतानाही दोन स्वर ऐकू येतात काय, हे कान देऊन पाहावे.