वृत्तपत्राचे धनी कोण?



जिल्ह्याजिल्ह्यांतील संपादक, मुद्रक व वार्ताहरांच्या अशा अधिवेशनात अध्यक्षाने वृत्तपत्रस्वातंत्र्याचा जयघोष करावा ही वहिवाट जुनी आहे आणि ती मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु ज्या स्वातंत्र्याचा आपण जयघोष करतो ते नक्की कोणाच्या ताब्यात आहे, ही चौकशी त्या गजरात सहसा बुडून जाते, म्हणून आज तीच थोडी विस्ताराने करावी असे मी योजिले आहे. फेब्रुवारी सरला की पुढच्या पहिल्या अंकात नमुना क्रमांक ४ चे निवेदन छापावयाचे, ही वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनी घालून दिलेली प्रथा आपणां सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे: प्रकाशनस्थळ, नियतकाल, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि अखेरीस मालकाचे, तसेच एक टक्क्याहून अधिक भांडवल धारण करणाऱ्यांचे नाव व पत्ता. हे निवेदन आपण छापतो कोठे? आतल्या पानावर, निविदा आणि नावातील बदलाच्या जाहिराती यांच्या बेचक्यात, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक टायपात. कायद्याचे समाधान होते, वाचकाला सुगावाही लागत नाही. शिवाय पैसा कोणाकडून येतो, हा जो या प्रकरणातील कळीचा प्रश्न, त्याला त्या नमुन्यात रकानाच नाही.

राज्यकर्त्यांनी मात्र ताब्याचा हा प्रश्न आपल्या फार आधी ओळखला होता. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, कारण एतद्देशीयांना नव्या विद्येची गोडी लावावयाची आणि त्याच वेळी इथल्या लोकांची स्थिती सत्ताधीशांच्या कानी घालावयाची, असे दोन वाचक त्यांच्या नजरेसमोर होते. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांना लगाम घालणारा कायदा केला आणि इंग्रजी पत्रे त्यातून वगळली. म्हणजे काय लिहिले यापेक्षा ते कोणाच्या हाती पडते यावर अपराध ठरू लागला, आणि हे मर्म ताबडतोब ओळखून कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ सर्वस्वी इंग्रजी झाली. १९१० च्या कायद्याने तर नव्या छापखान्याच्या चालकाकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याची तजवीज केली. हा तगादा लेखकाला नव्हता, छापखानेवाल्याला होता. आणि लग्नपत्रिका व पावतीपुस्तके छापून प्रपंच चालविणारा असा गृहस्थ जप्तीच्या धास्तीने संपादकाचे हस्तलिखित आपणच चाळू लागला, म्हणजे सरकारला निराळा तपासनीस नेमण्याचे कारणच उरत नाही.

मालकीचा प्रश्न याहून घरातला आहे. आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक; परंतु सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद विकोपास गेले तेव्हा १८८७ साली ते पद सोडून, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढले. त्या कलहात भांडवलदार कोणीच नव्हता, दोन्ही बाजूंना निःस्पृह माणसे होती, तरीही पत्राचे मत एक व संपादकाचे दुसरे झाले तेव्हा आसन संपादकाचेच सुटले. पण ज्यांना मुळात आसनच नव्हते त्यांची कैफियत याहून कडू आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायका’चा पहिला अंक निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांच्या साहाय्यावर, आणि त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने घेतली नाही, असे आंबेडकरांच्या चरित्रात नमूद आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो नकार एकट्या संपादकाचा नव्हता, वर्गणीदारांच्या वहीचाही होता. उलट आंबेडकरांच्याच पुढच्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्राचे बहुतेक रकाने बाबासाहेबांना एकहाती भरावे लागले, कारण ज्यांच्यासाठी ते पत्र निघत होते त्यांच्या गाठीला वर्गणीचे पैसे नव्हते आणि त्यांच्यातील बहुतेकांपर्यंत अक्षरओळख पोहोचू दिलेली नव्हती. वाचक आहे पण वर्गणीदार नाही, या अवस्थेतले पत्र किती काळ तग धरणार?

आता ज्या प्रकरणाकडे माझे मन वारंवार वळते त्याकडे येतो. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल सादर केला. जाहिरातींच्या बळावर पाने वाढवून आणि किंमत उतरवून धनाढ्य पत्रांनी लहान पत्रांचा गळा आवळू नये, यासाठी पानांच्या प्रमाणात किंमत बांधून द्यावी अशी त्यात शिफारस होती. तिच्यातून १९५६ चा कायदा आणि १९६० चा हुकूम निघाला. हेतू इतका साधा की त्याला हरकत घेणार कोण? हरकत घेतली ती कोणा गडगंज साखळीने नव्हे, तर नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात सुरू केलेल्या, तालुक्यातालुक्यांत वार्ताहर नेमून सामान्य माणसाला रोजच्या पत्राची सवय लावणाऱ्या ‘सकाळ’ने. सात नव्या पैशांना मिळणारा हा अंक आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे. हुकुमाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच बसत होती. पाने राखावी तर किंमत चढणार, किंमत राखावी तर दहा पाने गळणार. पत्राच्या बरोबरीने वाचकांनीही सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले, ही मला त्या खटल्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. सरकारपक्षाचे म्हणणे असे की हे व्यापाराचे नियमन आहे, मताचे नाही. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या १९६१ च्या निकालाने ते अमान्य केले: पत्राचा खप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग, आणि व्यापाराचे नाव पुढे करून त्यावर आघात करता येत नाही. हेच मुधोळकर पुढे १९६६ साली प्रेस कौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले.

माझे मत विचाराल तर निकाल योग्य होता आणि आयोगाचे भयही खरे होते. पाने मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला असता तर नावडत्या पत्राची पाने आधी मोजली गेली असती, याविषयी मला शंका नाही. परंतु आयोगाला ज्याची धास्ती होती तेही टळले नाही. अंकाच्या किमतीचा त्याच्या खर्चाशी असलेला संबंध तुटला. वाचक जे देतो त्यात कागद व शाईही भागेना, आणि तूट भरून काढणारा जो कोणी, त्याची मर्जी सांभाळणे ओघानेच आले. शहरातील मोठ्या पत्रांच्या लेखी ‘आपला वाचक’ म्हणजे ज्याला मोटार, सदनिका किंवा दागिना विकता येईल असा मनुष्य. ऊसतोडीवर गेलेली कुटुंबे त्या हिशेबात बसत नाहीत, म्हणून ती अपघातात सापडली तरच पहिल्या पानावर येतात.

आपली जिल्हापत्रे याहून शुद्ध आहेत असे समजण्याचे कारण नाही. आपल्या टेबलावर काय असते? जिल्हा परिषदेची निविदा, बँकेची ताबा नोटीस, आणि आमदारसाहेबांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा. शासनमान्य यादीत नाव टिकविण्यासाठी खपाचा दाखला फुगवावयाचा, त्या यादीवरून मिळालेल्या जाहिरातीचे बिल निघावे म्हणून महिनोन्‌महिने हेलपाटे घालावयाचे, आणि ज्या खात्याच्या रस्त्याविषयी लिहावयाचे त्याच खात्यातून ते बिल मंजूर व्हावयाचे. येथे दूरध्वनीवरून कोणी दरडावीत नाही. ‘सहा महिन्यांत रस्ता उखडला’ हे वाक्य ‘रस्त्याच्या दुरुस्तीची नागरिकांकडून मागणी’ असे होऊन येते, आणि ते बदलणारा हात आपल्याच उपसंपादकाचा असतो. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मानधन नावापुरते आणि जाहिरातीचे कमिशन मात्र टक्केवारीने देऊन आपणच त्याला वसुलीला लावले, आणि २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’चा बोभाटा झाला तेव्हा आपणच कानांवर हात ठेवले. प्रेस कौन्सिलकडे समज देण्याचा व निषेध नोंदविण्याचा अधिकार आहे, दंड करण्याचा नाही. म्हणून तिकडे बोट दाखवून सुटका नाही, आणि तिला दंडाचा अधिकार द्यावा असेही, १९१० चा जामीन आठवला म्हणजे, माझ्याने म्हणवत नाही.

उद्याच्या बैठकीपुढे शासकीय जाहिरातींचे दर वाढवून मिळावेत असा ठराव आहे. त्याला माझा विरोध नाही; घरे त्यावर चालतात हे मी जाणतो. परंतु त्याच्या शेजारी आणखी एक ठराव यावा असे वाटते: मार्चमधील मालकीचे निवेदन सभासद पत्रांनी अग्रलेखाच्या पानावर, अग्रलेखाच्याच टायपात छापावे, आणि त्याखाली वर्षाच्या उत्पन्नापैकी विक्री व वर्गणीचे किती, सरकारचे किती, राजकीय शुभेच्छांचे किती आणि खासगी जाहिरातदारांचे किती, हे चार आकडे द्यावेत. कोणत्याही कायद्याने हे मागितलेले नाही, म्हणूनच ते आपण स्वेच्छेने करावे. अध्यक्षाने ठराव मांडू नये असा संकेत आहे. तो पाळून मी एवढेच सांगतो की मसुदा मी कार्यवाहांकडे देऊन ठेवला आहे, सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा कोऱ्या आहेत, आणि आज रात्रीच्या भोजनापर्यंत त्या भरल्या गेल्यास तो कार्यक्रमपत्रिकेत घेता येईल.