शक्ती : एक शब्द, दोन अर्थ



साहित्य शिकवणाऱ्याने बल, कार्य आणि शक्ती यांवर बोलावे, याला कारण एक शब्द आहे. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. सुट्टीत एकाच ओसरीवर दोन मावसभाऊ अभ्यासाला बसतात. एक किनवटला मराठीतून विज्ञान शिकतो, दुसरा आदिलाबादला तेलुगूतून. पहिल्याच्या पुस्तकात ‘शक्ती’ म्हणजे पॉवर. दुसऱ्याच्या पुस्तकात ‘शक्ति’ म्हणजे एनर्जी, म्हणजे आपली ‘ऊर्जा’. पॉवरला तिथे ‘सामर्थ्यं’ म्हणतात. दोघेही बरोबर असतात आणि दोघेही एकमेकांना चूक ठरवतात.

हा गुंता सोडवायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या कापसाच्या बाजारात जाऊ. पन्नास किलो सरकीचे पोते हमाल उचलतो. ते सावकाश वर न्यायला सुमारे ४९० न्यूटन बल लागते. पोते एक मीटर वर गेले की ४९० ज्यूल कार्य झाले. आता तो पोते खांद्यावर घेऊन, ट्रक येईपर्यंत जागीच उभा आहे. घामाने निथळतो आहे, पण पोते हलत नाही. म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबी पोत्यावर झालेले कार्य शून्य. हमालाला हे सांगून पाहा! त्याचे स्नायू ऊर्जा खर्च करतच असतात, त्यामुळे त्याचा थकवा खरा आहे. मराठी परिभाषेने ‘काम’ हा रोजचा शब्द बाजूला ठेवून ‘कार्य’ घेतला, त्याचा एक फायदा इथे दिसतो : शून्य होते ते ‘कार्य’, हमालाचे ‘काम’ नव्हे. तेलुगूने मात्र घरातलाच ‘पनि’ हा शब्द ठेवला. तो मुलाला लगेच आपला वाटतो, पण हा फरक शिक्षकालाच समजावून द्यावा लागतो.

तेच पोते दोन सेकंदांत वर गेले तर शक्ती २४५ वॉट. दहा सेकंद लागले तर ४९ वॉट. कार्य तेवढेच, वेग निराळा. कार्य करण्याचा हा वेग म्हणजे मराठीतली शक्ती. म्हणूनच मोटारीवर ‘अश्वशक्ती’ लिहितात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. विजेच्या बिलावरचे युनिट मात्र किलोवॉट-तास, म्हणजे ऊर्जा आहे. हा फरक ज्याला कळला, त्याला बिल वाचता येते.

आता जिनिंगमध्ये चला. तिथला हायड्रॉलिक प्रेस फुगलेली रुई दाबून साधारण १७० किलोची गाठ बांधतो. त्यामागचा नियम सतराव्या शतकात पास्कलने मांडला : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभरपट असेल, तर २० न्यूटनने दाबल्यावर पलीकडे २,००० न्यूटन मिळतात. पण फुकट काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर सरकायला लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जावा लागतो. बल शंभरपट झाले, कार्य तेवढेच राहिले. बोलताना आपण बल, जोर, ताकद, शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. या यंत्रापाशी ती सवय चालत नाही.

समानार्थी शब्द पाठ करून घेतो ते आपण भाषेचे शिक्षक. या शब्दांच्या अर्थांतल्या सीमा दाखवणे हेही मग आपलेच काम. सीमेवरच्या मुलाचा गोंधळ झाला की ‘याचे विज्ञान कच्चे आहे’ असा शेरा मिळतो. खरे तर ते मूल दोन परिभाषांमध्ये एकटे उभे असते. माझी विनंती एवढीच आहे. मराठी, तेलुगू आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी देणारा एक तक्ता सीमाभागातल्या प्रत्येक वर्गात लावावा. निदान बल, कार्य, ऊर्जा, शक्ती आणि दाब या पाच शब्दांपासून आरंभ करू. मग ओसरीवरचे ते दोन मावसभाऊ भांडणार नाहीत; एकमेकांना शिकवतील.