बंदूक : हक्क की परवाना?
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. पण खानापूर तालुक्यात आमची थोडी शेती आहे आणि काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. मागच्या खेपेस ती तिथे असतानाच रानडुकरांनी एका रात्रीत उसाचा फड लोळवला. काका म्हणाले, "अमेरिकेत म्हणे घटनेनंच बंदूक दिलीय. मग आपल्याला का नाही?" त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, ते आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेत १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. तिच्या आधारे २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतली पिस्तूलबंदी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. २०२२ साली न्यूयॉर्कचा परवाना कायदा पडला. पण २०२४ साली त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की, घरातल्या माणसाच्या जिवाला ज्याच्यापासून धोका असल्याचा कोर्टाचा आदेश आहे, त्याची बंदूक काढून घेता येते. म्हणजे तिथेही हक्क मोकाट नाही.

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, युरोपियनांना सूट दिली. त्या अपमानाची आठवण ठेवून काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो असा : शांतपणे आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क!

तरी लोक कोर्टात गेले. १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने साधी बंदूक बाळगणं हा कलम २१ खालचा हक्क मानला. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते मत फिरवलं. कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे. तिला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळलं.

मग काकांच्या हाती काय उरतं? माझ्या भाषेत सांगतो. ठेव परत मागणं हा हक्क. कर्ज मागणं हा अर्ज. बंदूक ही आपल्याकडे कर्जासारखी आहे. पण कर्जालाही नियम असतातच ना? १९५९ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल तर, द्यायचा आहे. नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येतं. निवडणुकीत सरसकट बंदुका जमा करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली निकाल दिला आणि निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घातली. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार व्हायला हवा.

एक इशाराही देतो. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव कायदा वेगळा आहे. रिकामा बार काढून जनावर हाकलणं निराळं आणि डुक्कर मारणं निराळं.

काकांना मी सांगितलं, "हक्क नाही, पण दाद आहे." पुढच्या निवडणुकीआधी समितीकडे अर्ज द्यायचा, सोबत सातबाऱ्यासारखा आपल्याकडचा जमिनीचा उतारा आणि नुकसानीचा पंचनामा जोडायचा, पोच घ्यायची. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे, त्यांनी सभेनंतर भेटावं. अर्ज लिहून द्यायला मी बसेन. तेवढं कारकुनाला येतं.