पोते फोडणाऱ्याची नोंदवही



माझे शिक्षण म्हणजे पाळी संपल्यावर युनियनच्या कचेरीत केलेले वाचन. शास्त्राच्या बाजूने कोठे घसरलो तर समोरच्या डॉक्टरमंडळींनी टोकावे.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. एक ते शंभर नॅनोमीटर मापाचे कण आज रंगांत, रबरात, बॅटऱ्यांत घालतात. आपल्या हाती येतात तेव्हा ते मालात मुरलेले असतात. पण पोते फोडून पावडर हौदात ओतणाऱ्याच्या नाकाशी ते मोकळे असतात.

त्यांतल्या कार्बनच्या नळ्या घ्या. उंदरांच्या फुप्फुसांत त्या गेल्या तेव्हा सूज आली, चट्टे पडले. म्हणून अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी संस्थेने २०१३ साली शिफारस केली, की पाळीभरात घनमीटर हवेमागे सरासरी एक मायक्रोग्रॅमहून अधिक असा कार्बन नसावा. ग्रॅमचा दहा लाखावा भाग! ज्यांच्या वाट्याला याहून अधिक येतो, त्यांचा आरंभीच छातीचा फोटो काढावा, फुंकण्याची चाचणी घ्यावी आणि पुढेही तपासत राहावे, असे तिने सांगितले.

मालक विचारतात, "या कणांचा म्हणून रोग कोणता, ते तर सांगा!" प्रश्न खोटा नाही. नॅनोकणांसाठी खास वेगळी तपासणी सुचवण्याइतका पुरावा नाही, हे त्याच संस्थेने २००९ साली कबूल केले होते. पण म्हणून तिने हात झटकले नाहीत. कामाच्या जागी धोका कोठे आहे याचा माग ठेवा, असे बजावले.

तो माग नसला म्हणजे काय होते, ते मी पाहिले आहे. ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातला आमचा सभासद. काम सुटल्यावर कितीतरी वर्षांनी त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी धूळ ओळखली. कारखाना म्हणाला, पुरावा आणा. हजेरीपटावर त्याचे नाव होते, खाते नव्हते. मधली वर्षे तर कंत्राटदाराकडची. चार वर्षे मी कागद शोधला. तो मिळण्याआधी माणूस गेला.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामावरील माणसाच्या आरोग्याची नोंद ठेवावी व ती त्याला पाहू द्यावी, असे त्यात आले. पण कंत्राटदार बदलला की वहीही जाते, हा आमचा अनुभव. म्हणून सभासदांना सांगतो: कोणते पोते, किती महिने, हे स्वतः लिहा आणि तपासणीच्या कागदाची नक्कल रेशनकार्डाबरोबर घरी ठेवा.

फुंकण्याचे यंत्र आम्ही वर्गणीतून घेतले आहे. त्यावरचे आकडे वाचणारा मात्र कोणी नाही. येथल्या डॉक्टरांपैकी कोणाला महिन्यातला एक रविवार देता येईल काय?