जुना कर्नल हाताशी असू द्या

२०२१च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच जाहीर केलेल्या लिनक्स कर्नलच्या एका चाचणी आवृत्तीचं नाव बदललं. ५.१२-आरसी१च्या पुढे त्यांनी ‘डोन्टयूज’ असं जोडलं. कारण गंभीर होतं. मेमरी अपुरी पडली की कर्नल काही माहिती डिस्कवरच्या स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतो. ती फाइल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते, याचाच हिशेब या आवृत्तीत चुकला होता. माहिती भलत्याच जागी लिहिली जायची आणि फाइल सिस्टीमचं वाटोळं व्हायचं.

म्हणून श्रोते हो, सोर्स कोडवरून कर्नल तयार करायला बसण्याआधी बॅकअप घ्यायचा, तोही वेगळ्या डिस्कवर. शिकाऊ माणसाने चाचणी आवृत्तीच्या वाटेला न जाता स्थिर आवृत्तीच घ्यावी. कर्नल डॉट ऑर्गवरून उतरवलेल्या कोडची डिजिटल सही न चुकता तपासावी. २०११ साली तिथल्या सर्व्हरमध्येच घुसखोरी झाली होती.

खरी परीक्षा असते कॉन्फिगरेशनची. पर्याय हजारोंनी असतात. उत्साहाच्या भरात नको वाटणारे ड्रायव्हर काढताना डिस्कचा ड्रायव्हरही निघून जातो, मग मशीन सुरू होताना पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ उमटतं: रूट फाइल सिस्टीम माउंट होत नाही. त्यापेक्षा चालू कर्नलची कॉन्फिग फाइल, जी बहुधा बूट फोल्डरमध्येच असते, ती नव्या कोडमध्ये आणावी आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवावं. जुनी उत्तरं कायम राहतात, नव्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं मिळतात. याच वेळी आवृत्तीच्या नावाला आपली खूण जोडावी, म्हणजे नवी मॉड्यूल्स, अर्थात ड्रायव्हरसारखे कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे भाग, जुन्यांवर चढत नाहीत.

कंपाइल साध्या युजरनेच करावं. रूटचे अधिकार फक्त इन्स्टॉल करताना. आधी मॉड्यूल्स, मग कर्नल.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत जुना कर्नल तसाच ठेवणं. ग्रबमध्ये तशी सोय करून घेतली, तर ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल एकदाच चालवून बघता येतो. तो अडकला तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, जुना कर्नल आपोआप येतो.

नवा कर्नल उठला की ‘यूनेम -आर’ने आवृत्तीचं नाव बघावं. वाय-फाय, आवाज, लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करणं, सगळं तपासावं. बूट पार्टिशन लहान असेल तर ते लवकर भरतं. तेव्हा जागा करताना प्रयोगापुरते बनवलेले बिनकामाचे कर्नल पुसावेत. नीट चालणारा एक जुना कर्नल मात्र ठेवावा.