धंदा बदलणाराचा प्रवेशअर्ज

कोल्हापुरांत तालमी आहेत, तशाच फौंड्र्याही आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथील औद्योगिक वसाहतींतून मोटारींचे आणि इंजिनांचे ओतीव भाग देशभर जातात. अशा फौंड्रींत पांच-सात वर्षें काढलेला एखादा तरुण इंजिनियर एके दिवशीं घरीं सांगतो, कीं आतां संगणकाच्या उद्योगांत जावयाचें आहे आणि त्यासाठीं आधीं एम्. बी. ए. व्हावयाचें आहे. वडिलांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, आणि तो रास्तच आहे. नामांकित विद्यालयांचें शुल्क कित्येक लाखांच्या घरांत जातें. शिक्षणाच्या काळांत पगार बुडतो तो निराळाच. तेव्हां प्रवेशअर्ज लिहितांना घरची पुंजी आणि उमेदीचीं एक-दोन वर्षें पणाला लागलेलीं असतात.

परीक्षेचे गुण हा या अर्जाचा पाया होय. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थांच्या मुख्य अभ्यासक्रमासाठीं ‘कॅट’ ही परीक्षा वर्षांतून एकदां होते. परदेशांतील विद्यालयें आणि हैदराबादेस २००१ सालीं सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ‘जीमॅट’चे गुण घेतात, ते पांच वर्षें ग्राह्य राहतात. परंतु गुणांवरून एवढेंच कळतें, कीं तेथील अभ्यास या उमेदवारास झेपेल. तितकेच गुण मिळविलेले इंजिनियर त्याच रांगेंत पुष्कळ उभे असतात. निवड करणाराचे पुढचे प्रश्न तीन: जुनें काम कां सोडावयाचें, नवें तेंच कां धरावयाचें, आणि त्यासाठीं हेंच विद्यालय कां?

बहुतेक अर्ज येथेंच लंगडे पडतात. अर्जदार जुन्या धंद्याची निंदा करतो, नव्याची स्तुति गातो आणि मध्यें पदवीची आवड सांगतो. त्यामुळें वाचणाराच्या मनांत शंका येते, कीं हा मनुष्य कोठें तरी जावयास निघाला आहे, कीं येथून फक्त पळावयास?

या प्रश्नाचें उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासांत सांपडतें. बाबूराव पेंटर हे चुलतबंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सिनेमाचें वेड दोघांनाही लागलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें स्वतःचा कॅमेरा घडविला. महाराष्ट्र फिल्म कंपनीस तानीबाई कागलकर या गायिकेचें द्रव्यसाहाय्य मिळालें, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ लोकांपुढें आला. नव्या विद्येची पात्रता काय, असें कोणी विचारतें, तर त्यांस कॅमेराच पुढें ठेवतां आला असता. पडदे रंगवितांना कमावलेली नजरही वायां गेली नाहीं. चित्रपटाचे देखावे उभारतांना तीच कामीं आली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीची कथाही अशीच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यांत दृष्टीचा दोष आढळला, तेव्हां ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले; पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले, आणि १९१० सालीं त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. रंग सुटले, पण रेषेवरचा हात सुटला नाहीं.

फौंड्रींतल्या तरुणानेंही आपला कॅमेरा तेथल्या तेथेंच घडवावा. ओतलेल्या मालापैकीं कांहीं भाग हवेच्या छिद्रांमुळें रद्द होतो. कारखान्यांत यालाच रिजेक्शन म्हणतात. वाळूचा ओलावा, रसाचें तपमान आणि कामाची पाळी यांचा त्याशीं संबंध असूं शकतो. मालकांची परवानगी घेऊन या गोष्टींची तीन महिने रोज नोंद ठेवावी. पायथनसारख्या भाषेंत लहानसा कार्यक्रम लिहून रिजेक्शन कोणत्या स्थितींत वाढतें तें शोधावें, आणि निष्कर्ष पाळीवरच्या सुपरवायझरपुढें मांडावा. त्यानें तो मानला, तर पुढच्या महिन्यांत किती भाग वांचले तें मोजावें. न मानल्यास कां मानला नाहीं तें लिहून ठेवावें. संगणकाचें काम माणसांच्या सवयींपाशीं कोठें अडतें हें ज्यानें पाहिलें, त्याच्यापाशीं निबंधास आणि मुलाखतीस भरपूर सामग्री असते.

शिफारसपत्रही अशा कामांतूनच मिळतें. मोठ्या पुढाऱ्याच्या गोड पत्रापेक्षां ज्याच्या हाताखालीं रोजचें काम केलें त्या वरिष्ठाचें, प्रसंग आणि आंकडे सांगणारें पत्र अधिक वजनदार ठरतें. ध्येयही नेमकें हवें. ‘तंत्रज्ञानाच्या क्षेत्रांत जावयाचें आहे’ या वाक्यांत कांहींच नाहीं. ‘कारखान्यांसाठीं संगणकप्रणाली करणाऱ्या कंपनींत प्रॉडक्ट मॅनेजर व्हावयाचें आहे’ या वाक्यांत जुनें आणि नवें दोन्ही आहेत. अर्जापूर्वीं पुण्यास जाऊन असें काम करणाऱ्या दोघां-तिघांस भेटावें, आणि ओतकामांतून आलेल्या विद्यार्थ्यांस त्या विद्यालयांतून कोणत्या जागा मिळाल्या हें माजी विद्यार्थ्यांस विचारावें.

या विचारपुशींत कधीं उत्तर उलटही येतें. ज्याला प्रत्यक्ष संगणकाचे कार्यक्रमच लिहावयाचे आहेत, त्याला एम्. बी. ए. हा वळसा आहे. त्यानें तीच विद्या शिकावी. ज्याला व्यवस्थापन शिकावयाचें आहे पण घर सोडतां येत नाहीं, त्याच्यासाठीं कोल्हापुरांतच १९६२ सालीं स्थापन झालेलें शिवाजी विद्यापीठ आणि १९७६ पासूनची ‘सायबर’ ही संस्था आहे. हें सारें अर्ज धाडण्यापूर्वीं कळलें, तर घरची पुंजी शाबूत राहते. आणि तीन महिन्यांच्या नोंदींनंतरही ज्याची ओढ कमी झाली नाहीं, त्यानें तीच वही वडिलांपुढें ठेवावी. त्यांचा खर्चाचा प्रश्न आणि विद्यालयाचे तीन प्रश्न, या चोहोंचें उत्तर एकाच वहींतून निघावें, हीच अर्जाची खरी तयारी होय.