गुडघ्याच्या उंचीवरून



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि कामगार कायदे यांपलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची रास्त समजूत असते. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी लहान मुलांच्या एका अमेरिकन कार्टून मालिकेचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. आपणही मनात तोच प्रश्न विचारीत असाल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले आहे. त्यामुळे कोणतीही गोष्ट समोर आली की हे काम कोणी केले आणि ते कोणत्या जागेवरून पाहिले, हे दोन प्रश्न मला आपोआप सुचतात. आज तेच दोन प्रश्न या मालिकेला विचारायचे आहेत.

मालिकेचे नाव ‘रगरॅट्स’. रग म्हणजे जमिनीवरचा गालिचा आणि रॅट म्हणजे उंदीर. गालिच्यावर लुडबुडणारी रांगती पोरे, असा त्याचा भावार्थ. ११ ऑगस्ट १९९१ रोजी निकेलोडिअन या वाहिनीवर ती सुरू झाली आणि मधला खंड धरून २००४ पर्यंत चालली. आर्लीन क्लास्की, गाबोर चुपो आणि पॉल जर्मेन हे तिचे जनक. यांतला चुपो हा १९७५ साली हंगेरी सोडून पळालेला चित्रकार. नायक टॉमी एक वर्षाचा. चकी हा त्याचा भित्रा मित्र, फिल आणि लिल ही शेजारची जुळी, आणि अँजेलिका ही टॉमीची तीन वर्षांची चुलत बहीण.

मालिकेचा मुख्य नियम एकच आहे. बाळे आपसांत मोठ्या माणसांसारखी बोलतात, बेत आखतात, वाद घालतात. पण आईबापांना त्यातले अक्षर समजत नाही. पहिल्याच भागात टॉमीचा पहिला वाढदिवस आहे. मोठी माणसे समारंभाच्या गडबडीत आहेत, आणि इकडे बाळांच्या मनाने घेतले आहे की कुत्र्याचे खाणे खाल्ले म्हणजे आपल्याला कुत्रा होता येईल. सारे साहस त्या खाण्यापर्यंत पोहोचण्याचे! मोठ्यांच्या लेखी घरात काहीच घडलेले नाही. बाळांच्या लेखी तो मोहिमेचा दिवस आहे.

आता दिग्दर्शकाकडे येऊ. हलत्या चित्रांच्या या धंद्यात दिग्दर्शक करतो तरी काय? इथे नटाला हातवारे शिकवायचे नाहीत, ऊन सरायच्या आत दृश्य उरकायचे नाही. संवाद आधीच ध्वनिमुद्रित झालेले असतात. दिग्दर्शकापुढे ते आवाज आणि कोरा कागद असतो. गोष्टीचा चित्रांनी मांडलेला आराखडा तो तपासून पक्का करतो. कोणते चित्र किती वेळ टिकेल, डोळ्याची पापणी कधी लवेल, याचा हिशेब तक्त्यावर भरला जातो. हा हिशेब आपणही करून पाहा. एका भागात साधारण अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी असत. अकरा मिनिटांचे ६६० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १५,८४० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी एका गोष्टीला सुमारे आठ हजार चित्रांची गरज पडते. आणि त्या प्रत्येक चित्रात पाहणाऱ्याचा डोळा कोठे असावा, हे दिग्दर्शकाला ठरवावे लागते.

‘रगरॅट्स’मध्ये तो डोळा जमिनीवर आहे. मालिकेचा नमुन्याचा पहिला भाग आणि शीर्षकाची चित्रमालिका पीटर चंग या दिग्दर्शकाने केली. पुढे नॉर्टन व्हर्जियन, जिम डफी आदींनी अनेक भाग केले. व्हर्जियनने १९९८ साली इगोर कोवाल्योव्हबरोबर याच बाळांचा पडद्यावरचा चित्रपटही दिग्दर्शित केला. या मंडळींनी बाळाच्या नजरेची उंची हातची जाऊ दिली नाही. टेबल म्हणजे छप्पर, जिना म्हणजे डोंगर, आणि माणूस म्हणजे आधी बूट, मग गुडघे, आणि फार वर कुठेतरी एक चेहरा. आपल्या घरात सोप्यावर बसून दिसते ते घर निराळे, आणि फरशी पुसणाऱ्या बाईला दिसते ते घर निराळे. तुळयांवर साचलेली धूळ वरून दिसते, पलंगाखाली काय गेले आहे ते खालून दिसते.

आणि खालून पाहिले की अँजेलिकाही नीट दिसते. ती बाळांशी बाळांच्या भाषेत बोलते आणि मोठ्यांशी मोठ्यांच्या. दोन्ही भाषा येणारे घरात दुसरे कोणी नाही. वरचे जग कसे चालते हे बाळांना तीच सांगते, आणि आपल्या सोयीने सांगते. मंडळी, जिने आयुष्यात कारखाना पाहिला नाही अशा या मुलीला मी पाहताक्षणी ओळखले. ही आमची मुकादम! साहेबाची भाषा येते म्हणून जिची बिगाऱ्यांवर सत्ता चालते, आणि बिगाऱ्यांची भाषा येते म्हणून जिची साहेबाला गरज असते. ‘द ट्रायल’ नावाच्या भागात टॉमीचा आवडता दिवा फुटतो आणि बाळे खटला भरवतात. फिर्यादीची वकील कोण? अँजेलिका. ती एकेकाला आरोपी ठरवीत जाते, आणि शेवटी दिवा फोडणारी तीच निघते. चौकशी समितीचे काम मी पुष्कळ पाहिले आहे. या भागाला हसताना मला थोडा ठसकाही लागला.

पण तिला केवळ दुष्ट म्हणून सोडून देणे बरोबर नाही. तिची आई मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहे आणि तिच्या कानाला सतत टेलिफोन आहे. हुकूम कसा सोडायचा हे मुलगी घरातच शिकली. मुकादमही कोणाकडून तरी शिकतो.

या मालिकेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग १९९५ सालचा. ज्यू लोकांच्या वल्हांडण सणावरचा हा भाग त्या वर्षी एमी पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत गेला. टॉमीचे आजोबा बोरिस माळ्यावर अडकतात. मग मुले अडकतात, आणि हळूहळू घरची सारी माणसे तिथे येऊन अडकतात. वेळ घालवायला आजोबा इजिप्तमधल्या गुलामगिरीची आणि तिथून बाहेर पडण्याची कथा सांगतात. बाळांच्या कल्पनेत टॉमी मोझेस होतो, अँजेलिका फॅरो होते, आणि बाकीची बाळे होतात राबणारे गुलाम. हजारो वर्षांची ही कथा. अंगमेहनत करणाऱ्यांनी एकत्र उठून ‘आम्हांला जाऊ द्या’ म्हटल्याची कथा माणसाने इतकी जपून ठेवली आहे, की ती दर वर्षी जेवणाच्या पानावर मुलांना सांगितली जाते. दिग्दर्शकांनी इथे विशेष काही केले असेल, तर त्यांनी कथा मोठी करण्यासाठी बाळांना मोठे केले नाही. फॅरोच्या सिंहासनावरही तीन वर्षांची मुलगीच बसवली. जुलमाचे हे रूप पाहून मूल घाबरत नाही. ते त्याला ओळखते.

त्या अर्ध्या तासाच्या भागाला दिग्दर्शक तीन होते: जिम डफी, स्टीव्ह सॉकी आणि जेफ मॅग्रा. आपण ‘अमुक दिग्दर्शकाचा भाग’ म्हणतो, पण त्या नावामागे किती हात असतात ते पाहा. आराखडे आणि तक्ते अमेरिकेत तयार होत. प्रत्यक्ष चित्रांचे थरावर थर काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आशियात, विशेषतः दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत होई. नमुन्याचा भाग करणारा पीटर चंग हा मूळचा सोल शहरात जन्मलेला. एक कोरियन अमेरिकेत जाऊन दिग्दर्शक झाला, आणि त्याच्या मागून आलेल्या मालिकेची चित्रे काढायला काम कोरियात गेले.

काम बाहेर जाणे हे आपोआप घडले नाही. हॉलिवुडच्या कार्टून कामगारांचा संघटित लढा जुना आहे. १९३७ साली न्यूयॉर्कला फ्लायशर स्टुडिओत संप झाला, १९४१ साली वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत झाला. १९७९ साली हॉलिवुडच्या चित्रकारांनी काम परदेशी धाडण्याच्या विरुद्ध संप केला आणि तो जिंकला. १९८२ साली त्याच प्रश्नावर पुन्हा संप केला आणि तो ते हरले. १९८२! हा आकडा या सभागृहात ज्यांच्या घरी गिरणीकामगार होता त्यांना समजावून सांगायला नको. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. माझे वडील त्या संपात होते. दोन लढ्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि मी तो जोडतही नाही. पण काम उचलून दुसरीकडे नेता येते हे मालकाला एकदा कळले, की संपाचे हत्यार बोथट होते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

त्यात कोरियातल्या चित्रकाराचा दोष काय? काहीच नाही. त्यालाही चूल पेटवायची होती, आणि त्याचा हात कसबी होता. हॉलिवुडचा कामगार आणि सोलचा कामगार यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघांच्या मधे दोन्ही भाषा येणारे कोणीतरी बसलेले होते. अँजेलिका आपणांस आठवत असेलच!

आज परदेशी मालिकांची अशी कामे मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतही होतात. ती करणारी काही मुले मला भेटतात. कंत्राटावर असतात, मुदत जवळ आली की रात्री जागतात. एक मुलगा मला म्हणाला, “काका, घरी आईला दाखवायला माझे नावच नसते हो.” पगाराची तक्रार त्याने नंतर केली, आधी नावाची केली. मी त्याला सांगितले, की नाव हीसुद्धा मजुरीच आहे, आणि तीही एकट्याने मागून मिळत नाही.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे. नातवंडांबरोबर कार्टून पाहायला बसाल, तेव्हा खुर्चीवर न बसता एकदा जमिनीवर बसा. त्यांच्या बडबडीत काही बेत चालला आहे का, कान देऊन ऐका. आणि गोष्ट संपल्यावर नावांची यादी सरकू लागेल, तेव्हा पडदा लगेच बंद करू नका. ती यादी वरून खाली वाचायची आपली सवय आहे. ती खालून वर वाचा, आणि जी नावे तिथे नाहीत त्यांचीही चौकशी करा.